सही करण्यापूर्वी

आज खातेनिहाय चौकशीची दुसरी बैठक झाली. खुर्सीपारच्या घरी परतलो आणि चहा निवेपर्यंत कागदच वाचत बसलो. आरोप भांडाराच्या नोंदीतल्या तफावतीचा. निलंबनाला आज सत्तर दिवस झाले. कायद्यानं पहिले 90 दिवस निम्मा पगार निर्वाहभत्ता म्हणून मिळतो; पुढे, विलंब कामगारामुळे नसेल तर, 75 टक्के. निम्म्यात घर कसं चालतं, ते आईला ठाऊक.

मला आठवतं मराठीत, उत्तर देतो हिंदीत, आणि कागदावर तिसरंच उमटतं. मी म्हणालो, ‘मैंने देखा नहीं’. लिहिलं गेलं, ‘ध्यान नहीं दिया’. या दोन वाक्यांच्या मधे माझी नोकरी आहे. बचावासाठी शेजारी बसलेल्या दादांनी गुडघ्यावर हात ठेवला नसता, तर सही होऊनच गेली असती. मी दुरुस्ती मागितली, ती समासात लिहून घेतली, मगच पानापानावर सही केली. चौकशी अधिकारी रागावले नाहीत. भीती माझ्याच पोटात होती.

उद्या कागदपत्रांच्या प्रतींसाठी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. उलटतपासणीचे प्रश्न लिहून झालेत. साक्षीदार माझा मित्र आहे. सात वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो.