परदेशीं आपलीच सायकल

प्रवासास निघणाऱ्यानें ओझें थोडें घ्यावें, असा उपदेश शाळामास्तर या नात्यानें मीं पुष्कळांना केला आहे. असें असूनही गेल्या मे महिन्याच्या अखेरीस, नातवाच्या शाळेस आठवड्याची सुटी होती तेव्हां, आम्ही सहकुटुंब हॉलंडांत गेलों तेव्हां मी माझी स्वतःची सायकल बरोबर घेतली. आणि सायकल तरी कोणती? जिच्यावरून तीस वर्षें मी पुण्यांत शाळेस गेलों ती. काळी, उंच, वजनदार, लोखंडी दांड्यांच्या ब्रेकची! हा हट्ट शहाणपणाचा होता कीं नाहीं, याचा निवाडा वाचकांनींच करावा.

माझे चिरंजीव नोकरीनिमित्त इंग्लंडांत कोलचेस्टर येथें राहतात. दोन वर्षांपूर्वीं तेथें दीर्घ मुक्कामास जातांना ही सायकल मीं पुठ्ठ्याच्या पेटींत घालून विमानानें नेली. त्यासाठीं हँडल वळवावें लागतें, पायडलें काढावीं लागतात, चाकांतील हवा कमी करावी लागते. डावें पायडल कांहीं केल्या निघेना. मी जोर करावा तों तें अधिकच घट्ट बसे. शेवटीं सदाशिव पेठेंतील दुकानांतला पोऱ्या हंसून म्हणाला, "सर, डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात." सारा जन्म सायकलीवर गेला, आणि ही गोष्ट मला साठी उलटल्यावर कळली!

हॉलंडचा बेत ठरला तेव्हां चिरंजीव म्हणाले, "अण्णा, तिकडे सायकली भाड्यानें मिळतात. हें धूड कशाला नेतां?" सूनबाई मात्र म्हणाल्या, "नेऊं द्या कीं. त्यांच्या गुडघ्यांना तिची संवय आहे." त्यांनीं माझ्या मनांतलेंच सांगितलें. उतारवयांत अंगाला सीटची उंची आणि हँडलाचें अंतर ओळखीचें लागतें.

हारविच बंदरांतून रात्रीं निघालेली बोट सकाळीं हूक ऑफ हॉलंडला लागते. तींत सायकलीवर बसूनच शिरतां येतें. मालमोटारींच्या रांगेशेजारून आंत जावें, सायकल भिंतीलगत दोरानें बांधावी आणि जिन्यानें आपल्या खोलींत जावें, इतकें तें सोपें आहे. पाने नकोत, पेटी नको!

सकाळीं बाहेर पडतांच पहिली परीक्षा झाली. आपल्याकडे व इंग्लंडांत वाहनें डावीकडून चालतात, हॉलंडांत उजवीकडून. हें मला पाठ होतें. परंतु पाठ असणें निराळें आणि अंगीं मुरणें निराळें. पहिल्याच वळणावर मी डावीकडे शिरलों. समोरून शाळेस निघालेल्या मुलांचा थवा येत होता. मागून दहा वर्षांचा नातू ओरडला, "आजोबा, उजवीकडे!" मी कसाबसा वळलों. मुलें घंटा वाजवीत निघून गेलीं. लहानाच्या तोंडचेंही हितवचन घ्यावें असें मीं वर्गांत पुष्कळदां शिकविलें होतें. आचरलें मात्र त्या दिवशीं. पुढें चारही दिवस नातू पुढें आणि मी मागें, असाच क्रम आम्हीं ठेवला.

तीं मुलें वडीलमाणसांवांचून एकटीं चाललीं होतीं, हें मात्र मनांतून जाईना. हें सुख त्या देशास आयतें मिळालेलें नाहीं. १९७१ सालीं तेथें रस्त्यांवरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसें दगावलीं, त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. मग आईबाप रस्त्यावर उतरले, आणि पुढें सायकलींचे वेगळे तांबडे रस्ते वाढत गेले. माझें पुणें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून प्रसिद्ध होतें. आज तेथें नातवंडाला सायकलीवर एकटें सोडण्याचा धीर मला होणार नाहीं.

आम्हांस समुद्रकांठानें डेल्फ्टला जावयाचें होतें. टेर हाइडे गांवाजवळ २०११ सालीं किनाऱ्यापुढें २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू टाकलेली आहे. ती वारा व लाटा यांनींच किनाऱ्यावर पसरावी, अशी योजना आहे. त्या वाऱ्याचें सामर्थ्य मीं छातीवर घेतलें. कारण त्या दिवशीं तो ईशान्येचा, म्हणजे अगदीं तोंडावर होता. अशांत माझा मागचा टायर फाटला. टायर जुना झालेला होता आणि निघण्यापूर्वीं तो मीं पाहिला नव्हता. दोष सर्वस्वी माझा. चिरंजीव कांहीं बोलले नाहींत, हेंच मला अधिक लागलें. या मापाचा टायर इंग्लंडांत शोधशोधूनही मला मिळाला नव्हता.

सायकल ढकलीत आम्ही एका खेड्यांतील दुकानांत गेलों. म्हाताऱ्या दुकानदारानें टायरवरचा ४०-६३५ हा आंकडा वाचला, मान डोलावली आणि खुंटीवरून तस्साच टायर काढून दिला! तेथील जुन्या घाटाच्या सायकलींचीं चाकें अजून याच मापाचीं असतात. व्हॉल्वही आपल्यासारखाच, चिरंजीवांचा नवा पंप माझ्या चाकास लागत नसे, दुकानदाराचा लागला. आपली काळी सायकल आणि त्यांची, दोन्ही मूळच्या इंग्लंडांतील उभ्या घाटाच्या सायकलीच्या लेकी. आईनें जुनी चाल सोडली, दोघी लेकींनीं राखली!

माझ्यामुळें सर्वांचा अर्धा दिवस मोडला, हें खरेंच. भाड्याची सायकल असती तर ती काळजी दुसऱ्याची होती. पण मग या परक्या मुलखांत माझ्या सायकलीचें माहेरचें नातें निघतें, हें मला कोणी सांगितलें असतें? आपली सायकल परदेशीं न्यावी. मात्र टायर आधीं पाहावेत, आणि डाव्या बाजूची संवय बंदरावरच ठेवावी.

संध्याकाळीं डेल्फ्टला कालव्याच्या कांठीं नातू म्हणाला, "आजोबा, मी चालवूं तुमची?" त्याचे पाय पुरेनात. लहानपणीं आम्ही शिकलों तसें दांडीखालून पाय घालून मीं त्यास दाखविलें, आणि सीट धरून थोडें धांवलों. मग सोडून दिली. तो डुलत डुलत निघाला, पण अगदीं उजव्या बाजूनें.