तोलून पाणी घेणारे यंत्र

'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण आम्ही शाळेत वर्षानुवर्षे मुलांकडून वाक्यात उपयोग करून घेतली. परंतु तिचा अर्थ आम्हांस कळला तो भंडारदऱ्यास येऊन राहिल्यावर. आम्ही उभयतांची सारी नोकरी श्रीरामपूर भागात, प्रवरेच्या कालव्याच्या टेलकडे गेली. आवर्तन केव्हा सुटणार या एका प्रश्नावर तेथील गावांची भांडणे आणि लग्नाच्या तिथी ठरत. निवृत्तीनंतर शेंडीला लहानसे घर घेतले, पर्यटकांसाठी तीन खोल्या बांधल्या आणि मनाशी एक भाबडी समजूत धरली, की आता आपण पाण्याच्या उशाशी आलो, चिंता मिटली.

१९१० साली काम सुरू होऊन १९२६ साली पुरे झालेले ते दगडी धरण, त्यामागे पसरलेला अकरा अब्ज घनफुटांचा साठा! पण हे पाणी जन्मतःच खालच्यांच्या नावे लिहिलेले आहे. संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे. ज्या पाण्याची आम्ही जन्मभर वाट पाहिली, तेच पाणी आता आमच्या दारावरून खाली जाताना आम्ही पाहतो. मे महिन्यात जलाशय खोल उतरतो, काठची माती तडकते आणि वरच्या वाड्यांतील बायाबापड्या डोक्यावर हंडे घेऊन उतरू लागतात. आमच्या नळाला त्या दिवसांत एक दिवसाआड तासभर पाणी येते.

आणि नेमक्या त्याच दिवसांत काजवे येतात. मेअखेरीपासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत झाडे काजव्यांनी लखलखतात आणि ती पाहावयास मुंबई-पुण्याची माणसे लोटतात. पाहुणा एक रात्र राहतो, पण मागे दोन चादरी, दोन अभ्रे आणि दोन पंचे ठेवून जातो. तीन खोल्यांचा हिशेब वाचकांनीच करावा. पहिली काही वर्षे हे धुणे वरच्या वाडीतील एक मावशी करीत असत. चादरीमागे आठ रुपये, आणि पाणी कमी पडले तर चादरींचे गाठोडे डोक्यावर घेऊन त्या काठावर जात. उरलेसुरले आमच्या सौभाग्यवती धूत. तीस वर्षे फळ्यावर लिहून त्यांचे मनगट आधीच दुखरे झालेले. पिळा पिळताना ते आता उत्तरच देऊ लागले. तेव्हा पुण्याच्या मुलाने २०२३ च्या एप्रिलमध्ये, आम्हांस न विचारता, धुलाईचे यंत्र पाठवून दिले.

यंत्र आमच्या परिचयाचे नव्हते असे नाही. १९९१ साली, दूरदर्शनवर व्हिडिओकॉनच्या जाहिराती घरोघर पाठ झाल्या होत्या त्या काळात, आम्हीही हप्त्यावर एक दोन टाक्यांचे यंत्र घेतले होते. एका टाकीत धुवावयाचे, दुसरीत पिळावयाचे, आणि मधल्या वेळेत माणसाने उभे राहावयाचे. हे नवे यंत्र मात्र झाकण उघडताच आम्हांस अपुरे वाटले. अमेरिकेतील नातलगांकडे पाहिलेल्या यंत्रात मध्यभागी कपडे घुसळणारा एक उंच खांब असे. येथे खांब नाही. तळाशी केवळ एक उंचसखल तबकडी. आम्हांस वाटले, काही भाग पाठवावयाचा राहिला!

खांब नसणे हेच त्याचे वैशिष्ट्य होते. तबकडीची युक्ती तशी जुनी; जपानात सान्यो कंपनीने १९५३ सालीच फिरत्या चकतीचे यंत्र काढले होते. पुढे १९९१ साली न्यूझीलंडच्या फिशर अँड पायकेल कंपनीने पट्टा आणि दंतचक्रे काढून मोटर थेट टाकीलाच जोडली, आणि ती किती फिरवावयाची हे विद्युत्-मेंदूवर सोपविले. अमेरिकेत व्हर्लपूलने १९९९ साली 'कॅलिप्सो' नावाचे याहूनही विक्षिप्त यंत्र आणले. त्यात तळाची तबकडी डुगडुगे आणि खालचे साबणपाणी पंपाने वर नेऊन तेच पुन्हा कपड्यांवर शिंपडले जाई. आमच्या घाटघरच्या वीजकेंद्रात नाही का, दिवसा कोकणात सोडलेले पाणी रात्री पुन्हा वर चढवितात, तसाच प्रकार. पाणी वाचले खरे, परंतु बिघाडांच्या तक्रारी इतक्या झाल्या की प्रकरण न्यायालयात गेले आणि काही वर्षांतच ते यंत्र बाजारातून नाहीसे झाले. म्हणजे काटकसरी यंत्रांचे दोष केवळ आमच्याच वाट्यास आले असे नाही.

आधी गुण सांगू. हे यंत्र पाणी घेण्यापूर्वी कोरडे कपडे दोन-चार वेळा अर्धेमुर्धे फिरवून पाहते. फिरविण्यास जितका जोर लागेल तितके कपडे जड, आणि त्या मानाने ते पाणी घेते. सौभाग्यवतींना हे पटेना. त्यांनी बाहेर जाणाऱ्या नळीखाली पंधरा लिटरची बादली धरली आणि गणिताच्या शिक्षिकेस शोभेल अशा रीतीने तीन आठवडे वहीत नोंदी केल्या. जुन्या यंत्रात एवढ्याच धुण्यास, खळबळण्यासकट, बारा बादल्या जात; हे साडेसातांत भागवी. एप्रिल-मेमध्ये दर धुण्यास साडेचार बादल्या वाचणे म्हणजे काय, हे शेंडीत राहणाऱ्यास सांगावे लागत नाही.

दुसरा गुण पावसाळ्यात कळला. येथे जूनअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत ऊन हा पाहुणा असतो, आणि तोही न सांगता येणारा. पूर्वी चादरी चुलीच्या वर दोरीवर टाकाव्या लागत, पाहुणे सकाळी विचारीत, "रात्री कुठे काही जळत होते का?" आता टाकी मिनिटाला सातशेच्या आसपास फेरे घेते आणि चादर नुसती दमट होऊन बाहेर येते. पंख्याखाली रात्रभरात वाळते. या एका गुणासाठी आम्ही त्याचे पुष्कळ अपराध पोटात घातले आहेत.

अपराध थोडे नव्हते. यंत्रास पाणी दाबाने लागते. छपरावरची टाकी नळापासून तीन मीटर वर तरी हवी, आमची दोन मीटरही नव्हती. तिच्याखाली विटांचा ओटा बांधण्यात यंत्राच्या किमतीचा चांगला हिस्सा गेला. पहिल्या पुराचे तांबडे पाणी आले की आत येणाऱ्या नळीची बारीक जाळी गाळाने बुजे. आजीच्या हातची वाकळ घातली तर ती सारे पाणी पिऊन तळाशी बसे, तबकडी तिच्याखाली नुसती गुरगुरे, आणि पिळताना भार एकीकडे गेला की यंत्र थांबून स्वतःच पुन्हा पाणी भरून घेई. वाचविलेल्या चार बादल्या तेथेच परत!

एकदा एका पाहुण्याचा पावसाळी कोट चुकून आत गेला. त्यातून पाणी जाईना; कोटाची पखाल झाली आणि सातशेच्या गतीस यंत्र हातभर सरकून दारास भिडले. आम्ही धावत जाऊन वीज बंद केली. मागाहून वाचले, की २०१६ साली सॅमसंगने अमेरिकेत वरून कपडे घालावयाची सुमारे २८ लक्ष यंत्रे परत बोलाविली होती. जड अंथरुणे किंवा पाणी न शोषणारे कपडे पिळताना त्यांचे वरचे झाकण निखळून उडण्याचा धोका होता. आमचे यंत्र त्या कंपनीचे नव्हे. परंतु पावसाळी कोट यंत्रात घालू नये ही सूचना आमच्याही पुस्तिकेत होती, आणि ती आम्ही वाचली नव्हती.

सर्वांत मोठा दोष आम्हांस कळावयास वर्ष लागले. यंत्रास वजन कळते, मळ कळत नाही. कळसूबाईवरून घसरत आलेल्या मुलांच्या पातळ विजारी वजनाला हलक्या आणि तांबड्या चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेल्या. यंत्र त्या तोलून पाहते, 'हलके आहे' असे ठरविते आणि घोटभर पाणी घेते. चिखल निघत नाही. तो सर्व विजारींवर सारखा वाटला जातो. आणि त्यास महिनाही कळत नाही. आषाढात पत्र्यावरून पाण्याचे लोट कोसळत असतानाही ते वैशाखासारखेच पाणी तोलते.

आता जी गोष्ट लिहावयाची आम्ही टाळत आहोत, ती लिहितो. यंत्र आल्यावर मावशींचे काम संपले. आम्ही तसे स्पष्ट म्हटले नाही. "लागेल तेव्हा बोलावू" असे म्हटले, जे अधिक वाईट. सौभाग्यवतींच्या जमाखर्चाच्या वहीत त्या महिन्यापासून 'बचत' या सदराखाली दोन ओळी पडू लागल्या: एक पाण्याची, एक धुण्याच्या पैशांची. दुसरी ओळ वाचताना आम्ही चष्मा पुसत असू, एवढेच. मावशी रस्त्यात भेटत, डोक्यावर हंडा असे, "बरं हाय ना, गुरुजी?" एवढे विचारून पुढे जात.

२०२४ च्या जुलैमध्ये विजेचा दाब एका रात्रीत वरखाली झाला आणि यंत्राचा मेंदू जळाला. मेकॅनिक संगमनेरहून यावयाचा. अकोले, राजूर ओलांडून, त्या पावसात. तो अकरा दिवसांनी आला. जुन्या यंत्राची मोटर बिघडली तेव्हा कोपऱ्यावरच्या वायरमनने तासाभरात दुरुस्त केली होती. येथे बोर्डच बदलावा लागला, आणि त्याची किंमत ऐकून आम्ही काही काळ अबोल झालो. त्या अकरा दिवसांत घरात चादरींचा ढीग आणि तिन्ही खोल्या भरलेल्या. सौभाग्यवती छत्री घेऊन स्वतः वाडीवर गेल्या. तेथे काय बोलणे झाले ते त्यांनी आम्हांस सांगितले नाही. मावशी त्यांच्याबरोबरच खाली आल्या आणि पदर खोचून कामास लागल्या.

यंत्र सुरू झाल्यावर त्या निघाल्या, तेव्हा सौभाग्यवतींनीच त्यांस थांबविले. महिन्याची रक्कम ठरली, यंत्र चालो वा बंद पडो. वहीतील दुसरी ओळ त्या दिवशी खोडली गेली. त्यानंतर मावशी झाकणाच्या काचेतून यंत्राकडे तासन् तास पाहत बसत. आम्हांस वाटे, त्यांस गंमत वाटते आहे.

पंधरवड्याने त्या म्हणाल्या, "बाई, हे कोरडं असलं का चिकटपणा करतंय. वलं घातलं का मोकळ्या हातानं पानी घेतंय."

आम्ही दोघे शिक्षक, पुस्तिका मागाहून तीनदा वाचलेले. ओला कपडा जड, जड म्हणून पाणी अधिक. इतके सरळ गणित आमच्या ध्यानात आले नव्हते! आता पावसाळ्यात चिखलाच्या विजारी आल्या की मावशी त्या आधी पागोळ्यांखालच्या घंगाळात बुचकळून, निथळत्या तशाच आत टाकतात, आणि मगच बटण दाबतात. उन्हाळ्यात मात्र चादरींना थेंब लागू देत नाहीत. परवा सौभाग्यवतींनी नळीखाली पुन्हा बादली धरली. एरवी साडेपाच बादल्या घेणाऱ्या विजारींना यंत्राने आठ घेतल्या होत्या, आणि ते पाणी नळीवाटे परसातल्या अळूच्या वाफ्यात गेले.