बर्फाचा आडोसा

पडदा पांढराफटक. जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं, ते कळू नये इतका. त्या पांढऱ्यात एक मिनीबस येऊन थांबते, एक माणूस उतरतो, बस निघून जाते. सामान घेऊन माणूस आपल्या दिशेनं चालू लागतो. पाऊल बर्फात रुततं, निघतं, पुन्हा रुततं. कॅमेरा जागचा हलत नाही. माणूस जवळ येईपर्यंत आपणही थांबायचं. नुरी बिल्गे जेलान यांच्या २०२३ सालच्या ‘कुरू ओत्लार उस्तुने’ची, म्हणजे इंग्रजी नावानं ओळखल्या जाणाऱ्या ‘अबाउट ड्राय ग्रासेस’ची ही सुरुवात. पुढे १९७ मिनिटं याच माणसाबरोबर काढायची आहेत.

त्याचं नाव सामेत. पूर्व अनातोलियातल्या एका आडगावच्या सरकारी शाळेत तो चित्रकला शिकवतो. तुर्कस्तानात नव्यानं लागलेल्या शिक्षकांना काही वर्षं सरकार धाडेल तिथे सक्तीची सेवा करावी लागते, आणि पूर्वेकडची दूरची गावं त्यांच्या नशिबी हमखास येतात. सामेतची ही सेवा संपत आली आहे आणि त्याला इस्तंबूलला बदली हवी आहे. सुट्टी संपवून तो गावात परततो तोच मुळी ‘आता थोडेच दिवस’ असं मनाशी घोकत. बदल्यांच्या यादीत ‘अवघड क्षेत्र’ हे शब्द वाचून ज्यांच्या पोटात गोळा आला असेल, त्या आपल्याकडच्या शिक्षकांना सामेतची घाई वेगळी समजावून सांगायला नको.

या कथेच्या मुळाशी खरीखुरी टिपणं आहेत. जेलान यांचे सहलेखक अकिन अक्सू यांनी अनातोलियात शिक्षकी केली, त्या काळातल्या त्यांच्या नोंदींवरून जेलान, त्यांची पत्नी एब्रू आणि अक्सू यांनी मिळून पटकथा लिहिली. म्हणूनच शिक्षकांची खोली इतकी ओळखीची वाटते. हातातला चहाचा पेला, कोपऱ्यातली शेगडी, कुणाची बदली झाली आणि कुणाची अडली याच्या गप्पा, वरिष्ठांविषयी हलक्या आवाजात बोलणं. चित्रण एरझुरुम प्रांतात झालं. एरझुरुम शहरच समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे. तिथला हिवाळा महिनोन्‌महिने हटत नाही, आणि सामेत सांगतो त्याप्रमाणे तिथे ऋतू दोनच. बर्फ वितळतं, गवत हिरवं होतंय न होतंय तोच पिवळं पडतं. वसंत म्हणून जो काही असतो, तो डोळ्यांना दिसेपर्यंत संपलेला असतो.

जेलान यांच्या चित्रपटांत बर्फ पहिल्यापासून आहे. १९९७च्या ‘कसाबा’त बर्फातून शाळेत पोचलेल्या एका पोराचे भिजलेले मोजे वर्गातल्या शेगडीवर टांगलेले असतात. मोज्यातून पाणी गळतं, थेंब तापलेल्या पत्र्यावर पडतो, चर्र होतो, नाहीसा होतो. वर्गात धडा चालू असतो, बाहेर बर्फ पडत असतं, आणि जेलान त्या थेंबाचा आवाज आपल्याला ऐकू देतात. मला हा प्रसंग त्यांच्या साऱ्या कामाची किल्ली वाटतो. गरिबी, थंडी, शाळेची शिस्त, पोराची लाज, हे सगळं त्या चर्र आवाजात आलं आणि कुणाला एक वाक्य बोलावं लागलं नाही. पुढे ‘उझाक’मध्ये इस्तंबूलवर बर्फ पडलं, ‘इकलिमलेर’चा शेवट देशाच्या पूर्व टोकाला बर्फात झाला, आणि २०१४ साली कान महोत्सवात पाल्म दॉर मिळवणारा ‘किश उयकुसू’, म्हणजेच ‘विंटर स्लीप’, कापाडोकियाच्या दगडी घरांत हिवाळाभर चालणाऱ्या भांडणांवर उभा राहिला. दिग्दर्शक होण्याआधी जेलान इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले होते आणि छायाचित्रं काढत होते. पांढऱ्या पटावर काळी आकृती किती एकटी दिसते, हे त्यांना कॅमेऱ्यानं फार लवकर शिकवलं असणार.

पण या चित्रपटात बर्फ देखणेपणासाठी आलेलं नाही. माझ्या मते ते सामेतचा आडोसा आहे. या गावात काही घडत नाही, इथल्या लोकांना कशाची किंमत नाही, इथे राहून माणूस वाया जातो. त्याच्या प्रत्येक वागण्याला हे कारण हाताशी तयार असतं. आणि आपणही त्याला ते मान्य करून देतो. बाहेर एवढं पांढरं पसरलेलं असताना, एवढी थंडी असताना, कुणाचंही मन कोरडं पडेल असं आपल्याला वाटतं. चित्रपट लांब आहे तो यासाठी. एखादा माणूस वाईट आहे हे दहा मिनिटांत सांगता येतं. तो स्वतःला काय सांगून जगतो, ते आधी आपल्याला पटायला आणि मग पटेनासं व्हायला तीन तास लागतात.

वर्गात त्याची एक लाडकी विद्यार्थिनी आहे, सेविम. हुशार, हसरी, धीट. सुट्टीहून परतताना तो तिच्यासाठी छोटा आरसा आणतो. वस्तू साधी आहे, पण ती दिली जाते एकटीला गाठून. तिला देताना सामेतच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं, त्यात आपण या पोरीचं भलं करतोय याचा आनंद थोडा, आणि या रुक्ष गावात आपल्याला कुणीतरी आवडीनं पाहतंय याचा जास्त. देनिझ जेलिलोउलु या नटानं हे इतक्या बारकाईनं केलंय की पहिल्यांदा पाहताना संशय येतो तो आपल्याच मनाचा. मग एके दिवशी शाळेत दप्तरांची झडती होते. सेविमच्या दप्तरातून एक पत्र निघतं. प्रेमपत्र. ते फिरत फिरत सामेतच्या हाती येतं. तो ते वाचतो.

सेविम पत्र परत मागायला येते. डोळे भरलेले, आवाज मात्र आटोक्यात ठेवलेला. सामेत म्हणतो, फाडून टाकलं. पत्र त्याच्याजवळच असतं. तिला ते कळतं. या प्रसंगात आवाज चढत नाही, कुणी कुणावर हात उगारत नाही, पार्श्वसंगीत धावून येत नाही. एक मोठा माणूस एका मुलीशी खोटं बोलतो आणि ती त्याला खोटं बोलताना बघते, एवढंच. एजे बाअजी या मुलीनं ते बघणं असं उभं केलंय की त्यानंतर सामेतबद्दल आपलं मत पूर्वीचं राहत नाही, जरी आपल्याला ते लगेच उमगलं नाही तरी.

पुढे दोन शिक्षकांविरुद्ध तक्रार जाते. मुलींशी वागणं बरोबर नाही. सामेत आणि त्याच्याच घरात राहणारा केनान, दोघांना तालुक्याच्या शिक्षण कचेरीत बोलावणं येतं. तिथला साहेब चहा पाजतो, गुळमुळीत बोलतो, तक्रार कुणी केली ते सांगत नाही. सामेतचा संशय सेविमवर जातो, आणि संताप वाट शोधतो ती वर्गाकडे. ज्या पोरांना तो एरवी रंगांविषयी सांगत असे त्यांना तो ऐकवतो की तुमच्यातला कुणी कलावंत होणार नाही, तुम्ही बटाटे आणि शुगरबीट पिकवाल, म्हणजे श्रीमंतांचं सुखात चालेल. वर्ग गप्प. मला या क्षणी त्या मुलांचे चेहरे पाहवले नाहीत. शिक्षकाच्या तोंडून निघालेलं असं वाक्य माणसाला जन्मभर पुरतं, आणि ते बोलणारा माणूस संध्याकाळी घरी जाऊन शेगडीत लाकूड सारून चहा टाकतो. जेलान आपल्याला तोही चहा दाखवतात.

चित्रपटाचा दुसरा प्राण नुराय. जवळच्या गावात इंग्रजी शिकवणारी, राजकीय कार्यकर्ती, बॉम्बस्फोटात एक पाय गमावलेली. मेर्वे दिझदार यांना या भूमिकेसाठी २०२३ साली कानमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्याच तुर्की अभिनेत्री. सामेतला सुरुवातीला नुरायमध्ये रस नसतो, तो तिची आणि केनानची ओळख करून देतो. ते दोघं जवळ येताहेत असं दिसताच त्याचा रस जागा होतो. नुराय दोघांनाही जेवायला बोलावते. सामेत केनानला निरोपच देत नाही आणि एकटा जाऊन बसतो.

मग ते जेवण. मंद दिवा, टेबलावर वाइन, आणि एक वाद. नुरायचं म्हणणं, जगात जे चाललंय त्यात माणसानं आपला वाटा उचलला पाहिजे, नुसतं कुढत बसून चालणार नाही. सामेत म्हणतो, मला कुठल्या कळपात ओढू नका, मी मोकळा माणूस आहे, आणि झटून तरी कुणाचं काय झालं? मी हा प्रसंग पुन्हा पाहिला तेव्हा मुद्दाम सामेतच्या बाजूनं ऐकायचा प्रयत्न केला. त्याचे मुद्दे पोकळ नाहीत. थकलेल्या, वाचलेल्या, चारचौघांत चतुर ठरणाऱ्या माणसाचे ते मुद्दे आहेत, मी स्वतः ते अनेकदा ऐकलेत आणि मान डोलावलीय. पण ते ज्या तोंडानं बोलले जातात ते तोंड मघाशीच एका मुलीशी खोटं बोललेलं आपण पाहिलेलं असतं. आणि ऐकणारीनं आपल्या म्हणण्याची किंमत शरीरानं मोजलेली असते. वाद बरोबरीचा राहत नाही. जेलान कुठेही तराजू हातात घेत नाहीत, पण पारडं कुठे झुकलं ते दिसतं.

आणि इथेच ते एक अशी गोष्ट करतात जी मला अजून पुरती पचलेली नाही. त्या रात्री, नुराय आत वाट पाहत असताना, सामेत एक दार उघडतो आणि घराबाहेर न पडता थेट चित्रीकरणाच्या स्टुडिओत येतो. लाकडी नेपथ्याची मागची बाजू, दिवे, केबली, कामात असलेली माणसं. तो त्यांच्यातून चालत स्वच्छतागृहात जातो, एक गोळी घेतो, आरशात बघतो, आला तसा परत फिरतो आणि पुन्हा कथेत शिरतो. याचे अर्थ अनेकांनी लावलेत. मला वाटतं ते असं की सामेत आजवर जे जे बोलला, त्यात थोडं नाटक होतंच, आणि इतक्या जवळिकीच्या रात्री तो ते नाटक सोडू शकत नाही. जेलाननी ते नाटक अक्षरशः उघडं केलं. धोका मोठा होता. दोन तास जपलेला खरेपणा एका दारानं कोसळू शकला असता. तो कोसळला नाही याचं श्रेय मी त्या आधीच्या संथ दोन तासांना देतो. आपण त्या खोलीत इतका वेळ काढलेला असतो की तिच्या भिंती प्लायवूडच्या निघाल्या तरी नुरायचं दुःख प्लायवूडचं होत नाही.

मधूनच चित्रपट थांबतो आणि गावकऱ्यांची छायाचित्रं येतात. सामेतनं काढलेली म्हणून. म्हातारे, बायका, पोरं, मागे बर्फ किंवा उघडा डोंगर, सगळे सरळ लेन्समध्ये बघणारे. ती चित्रं सुंदर आहेत, आणि म्हणूनच सामेतविषयीचा निकाल लांबतो. ज्याला ही माणसं इतकी नीट दिसतात, तो त्यांच्याशी असा का वागतो? डोळे चांगले असणं आणि मन चांगलं असणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो, हे एका छायाचित्रकार दिग्दर्शकानं सांगावं, याचं मला मोल वाटतं.

२०२३च्या नोव्हेंबरात गोव्याच्या इफ्फीत हा चित्रपट महोत्सवाच्या मध्यावरचा खास चित्रपट म्हणून दाखवला गेला. ज्यांना तो मोठ्या पडद्यावर पाहायला मिळाला ते भाग्यवान. मोबाइलवर तो पाहू नये असं मी आग्रहानं सांगेन. बर्फाचं पांढरं बोटभर पडद्यावर नुसतं रिकामं दिसतं, आणि संथपणा अंगावर यायला अंधार लागतो, हातातला फोन बंद असावा लागतो.

शेवटी बर्फ जातं. पडद्यावर एकदम पिवळं ऊन, गुडघाभर सुकलेलं गवत. सामेत, केनान आणि नुराय फिरायला निघतात, नेमरुत डोंगराकडे, जिथे दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजानं उभारलेल्या देवांची दगडी मुंडकी उन्हात पडली आहेत. सामेतचा आडोसा आता उरला नाही. थंडी नाही, अंधारून येणारी दुपार नाही, बदलीची वाटही संपत आलेली. आणि तो तसाच आहे. सुट्टी लागण्याआधी त्यानं सेविमला गाठून तिच्याकडून काहीतरी काढून घ्यायचा प्रयत्न केलेला असतो. कबुली, पश्चात्ताप, निदान निरोपाचा एखादा शब्द. तिनं तो दिलेला नसतो. मग डोंगर चढताना तो मनातल्या मनात तिच्याविषयी लांबलचक बोलतो, आणि बोलणं भारदस्त आहे, उदास आहे, चांगलं रचलेलं आहे. मला त्यातला शब्द न्‌ शब्द ऐकावासा वाटला आणि एकावरही विश्वास ठेवावासा वाटला नाही.

कारण हे सगळं तिच्याविषयी असूनही तिचं नाही. चित्रपट सामेतच्या जोडीनं चालतो, सेविमच्या घरात तो आपल्याला नेत नाही. पत्र कुणासाठी होतं, ते गेलं त्या रात्री ती झोपली का, तक्रारीनंतर घरी तिला काय ऐकून घ्यावं लागलं, तो आरसा पुढे तिनं ठेवला की फेकला, यातलं काही आपल्याला कळत नाही. जेलान यांचा पुढचा चित्रपट कशावर असेल ते असो, मला या शाळेतला तोच हिवाळा सेविमच्या बाकावरून पाहायचा आहे. तेवढाच लांब असला तरी चालेल.