ब्रेक

डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं होतं. चालणं हा प्रकार मला पहिल्यापासून कंटाळवाणा, म्हणून मी पोटमाळ्यावरून चिरंजीवांची सायकल काढली. १९९५ साली घेतलेली, जाड टायरची, सरळ हँडलची, अस्सल लोखंडी. वजन असं, की सायकल खाली येते आहे की मी वर जातो आहे, हे काही काळ ठरेना. चिरंजीव आता परदेशात असतात. सायकलीला व्हिसा लागला नाही.

पहिल्याच पावसात चांदणी चौकातून कोथरूडकडे उतरताना मी ब्रेक दाबले. सायकलने नोंद घेतली, पण अंमलबजावणी केली नाही. (सरकारी नोकरीत जन्म गेल्यामुळे मला हे नवीन नव्हतं.) शेवटी एका भाजीच्या गाडीने मला थांबवलं. चार किलो टोमॅटो विकत घेऊन घरी आलो.

“अहो, ती भंगारात द्या. नाहीतर तुम्ही जाल,” सौ. म्हणाली.

“काका, पॉवर ब्रेक टाकू,” सायकलवाला म्हणाला. जुन्या ब्रेकचे दोन आखूड हात कावडीसारखे बाहेर पसरलेले. नव्याचे हात उभे आणि लांब, म्हणून पकड घट्ट. असे ब्रेक बाजारात आले १९९६ साली. आमच्या घराण्यात सगळं असंच एका वर्षाने हुकतं. सुदैवाने फ्रेमवरचे खुंट तेच चालले.

ब्रेक बसले. मग कळलं, यांना वायर जास्त ओढावी लागते. जुने लिव्हर नुसतेच हँडलला टेकतात. लिव्हर बदलले. गंजलेल्या वायरी बदलल्या. मग त्याने चाकाकडे, डॉक्टर एक्स-रेकडे पाहतात तसं पाहिलं. “काका, रिम लोखंडी आहे. ओली झाली की रबर घसरणारच. ॲल्युमिनियमची टाकू.” टाकली. मग ब्रेक किंचाळायला लागले. त्याने रबरांची पुढची टोकं केसभर आत वळवली, आणि ते गप्प झाले. एवढं एकच काम फुकटात झालं.

रविवारी चिरंजीवांचा फोन आला, तेव्हा हा पराक्रम मी सविस्तर सांगितला. तो हसला.

“बाबा, तिला ब्रेक होतेच कधी? पावसात मी बूट लावायचो.”

“कशाला?”

“मागच्या टायरला.”

तेव्हा दर दोन महिन्यांनी त्याच्या बुटाचा तळ झिजायचा. फक्त उजव्या. पाय फरफटत चालतो, म्हणून मी त्याला अंगणात पाय उचलून वीस-वीस फेऱ्या मारायला लावायचो. हा गृहस्थ निमूटपणे मारायचा.

“अरे, मग ब्रेकला पैसे मागायचे!”

“मागितले होते. तुम्ही म्हणालात, आधी गणितात साठ आण.”

“मग?”

“सत्तावन्न पडले.”

फोन ठेवून मी सायकलजवळ गेलो. मागचा ब्रेक दाबून पाहिला. आता एका बोटाने लागतो.