किती महिन्यांचा जन्मला?

बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत मी बरीच वर्षं शिकवलं. दिवाळी झाली की निम्मा वर्ग रिकामा व्हायचा. आईबाप ऊसतोडीला, पोरं त्यांच्यामागे. उन्हाळ्याच्या तोंडाला परतलेलं मूल वाचनात मागे दिसलं, की माझं उत्तर तयार असे : शाळा बुडाली. त्या उत्तरावर मी इतका विसंबलो की पुढचं काही विचारायचं सुचलंच नाही.

तिसरीत एक मुलगा होता. ऐकलेली गोष्ट छान सांगायचा, पण फळ्यावरचं उतरवताना ओळी गाळायचा. हातच्याची वजाबाकी सकाळी जमायची, दुपारी विसरायचा. त्या हंगामात तो गावातल्या हंगामी वसतिगृहात राहिला होता, त्याची शाळा बुडालेली नव्हती. मग मी त्याला आळशी ठरवलं. पालकसभेत चारचौघांत त्याच्या आईला म्हणालो, "घरी जरा लक्ष द्या." वर्षातले पाच-सहा महिने फडात मोळ्या बांधणारी ती बाई, अक्षरओळख नसलेली. "हो गुरुजी," एवढंच म्हणाली.

तो आठव्या महिन्यात, फडावरच्या कोपीत जन्मला होता, हे मला पुढे गावातल्या आशा सेविकेकडून कळलं. सरकारी दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवून त्याला वाचवलं. महिन्याभराने डोळे तपासायला बोलावलं होतं. पण मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची होती. एक दिवस मोडला की खाडा पडतो. मजुरी बुडते ती बुडतेच, वर मुकादम दंड कापतो. ती तपासणी राहून गेली.

सदतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या सगळ्याच मुलांना शिकताना अडचण येत नाही. पण गणित, लक्ष टिकवणं, पाहिलेलं ध्यानात धरून उतरवणं यात अशी मुलं सरासरीने इतरांपेक्षा जास्त अडखळतात. घरची मिळकत आणि आईचं शिक्षण यांचा त्यावर मोठा परिणाम होतो, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. माझ्याच एका सहकाऱ्याचा मुलगा सातव्या महिन्यातला. त्याला वेळेवर चष्मा मिळाला, व्यायामोपचार मिळाले, रोज वाचून दाखवणारी आजी मिळाली. गणितात तोही अडखळायचा. त्याला मात्र मी कधी आळशी म्हटलं नाही. हे मला अजून टोचतं.

सगळं कळल्यावरही मी चुकलोच. चिठ्ठी लिहून दिली, "जिल्ह्याला दाखवून आणा" म्हणालो आणि मोकळा झालो. त्याची आई गेली नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकतं. मी त्यांच्याकडून फक्त वजन-उंचीचे रकाने भरून घेत होतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आली, तेव्हा ते परिपत्रक वाचून मी फाइलला लावलं. तो मुलगा आठवीनंतर कोयत्यावर गेला.

प्रवेशाच्या वेळी आपण जन्मतारीख लिहून घेतो. शिक्षकांनो, मूल किती महिन्यांचं जन्मलं, पेटीत होतं का, पुढच्या तपासण्या झाल्या का, हेही आईला एकटीला बसवून विचारा. आणि तिला जिल्ह्याला पाठवण्याआधी तिच्या त्या दिवसाच्या मजुरीची सोय लावा.