दुरून डोंगर

‘दुरून डोंगर साजरे’ म्हणून इंग्लिश चित्रकार सॅम्युअल पामरला मोडीत काढता येईल का, हे काही ठरत नाही.

१८७९ च्या ‘द बेलमन’ या त्याच्या एचिंगमध्ये खेड्यातली तिन्हीसांज आहे. घंटा वाजवत जाणारा माणूस, विसावलेली गुरं, झाडीत रुतलेली घरं. आगगाडी नाही. पामर तेव्हा रेडहिलला राहत होता, आणि ते गावच रेल्वेच्या जंक्शनभोवती वाढलेलं. केंटमधल्या ज्या शोरहॅमच्या आठवणीवर हे चित्र उभं आहे, तिथंही १८६२ मध्ये स्टेशन झालं होतं.

म्हणजे दुरूनच. पण तरुणपणी तो त्याच डोंगरांच्या कुशीत राहिला होता, आणि तेव्हाही ते त्याला साजरेच दिसत होते. १८३० मध्ये केंटमधलेच शेतमजूर मळणीयंत्रं फोडत होते. हिवाळ्यात हाताला असलेलं झोडपणीचं काम यंत्रानं नेलं होतं. गंजी पेटत होत्या. १८३२ मध्ये पामरनं मतदारांसाठी पत्रक काढलं, ते जुनी घडी टिकावी म्हणून. त्याच्यापाशी वारशाचा पैसा होता. मग तो डोंगराच्या जवळ होता की दूर? अंतर मैलांनी मोजायचं, की पोटानं? आणि मजुरांना तो डोंगर कधीच साजरा दिसला नसेल, हे तरी कशावरून धरायचं? काम सुटल्यावर उतारावर टेकलेल्या माणसाबद्दल ही म्हण काहीच सांगत नाही.

एचिंगसाठी तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देतात, सुईनं तो ओरखडतात. पत्रा आम्लात बुडवला की उघडं पडलेलं तांबं तेवढं खाल्लं जातं. तीस वर्षांत पामरनं असे तेराच पत्रे पुरे केले. रेघांचं जाळं इतकं दाट की चित्र काळंभोर व्हावं. पण मधेमधे कागद कोरा सोडलेला. त्याचा उजेड म्हणजे तो कोरा कागद. सुई जिथं गेली नाही, ती जागा. मला हे फार थोर वाटतं आणि छळतंही. गाळलेली आगगाडी, गाळलेले मजूर हेही त्या उजेडातच मोडतात का?

धाकट्या मुलानं घरी बसवलेल्या प्रेसवर वडिलांचे ठसे काढले. त्याच मुलानं १९०९ मध्ये वडिलांच्या कामाचा मोठा साठा जाळून टाकला. इतक्या जवळून त्याला काय दिसलं असेल?

रूळ दाखवले असते तर चित्र खरं झालं असतं, असं आधी वाटे. आता वाटतं, मग ते इतका वेळ पाहिलंच गेलं नसतं. आणि यातलं किती पामरचं, किती बघणाऱ्याचं, हे तर मुळीच कळत नाही.