माथा ते पायथा: पाणी अडवा, माणूस अडवू नका

मी जालना जिल्ह्यात गावांचे पाणलोट आराखडे बनवण्याच्या कामात आहे. शिवार फेरी, नकाशा, पाण्याचा ताळेबंद, ग्रामसभेचा ठराव असे हे काम. समाजशास्त्रात एम.ए. केलेली बाई बांधबंदिस्तीत काय करते, असे नातेवाईक विचारतात. चळवळीतले मित्र थोडे कडक विचारतात, "ताई, झाडं, माती, पाणी हा पोट भरलेल्यांचा विषय. इथे वस्तीवर हल्ले होतात आणि तुम्ही चर मोजता?"

मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर द्यायलाच हवे.

दुष्काळ जात पाहून येत नाही म्हणतात. येताना पाहत नसेल, पण मुक्काम कुठे करायचा ते त्याला बरोबर कळते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. बागाईतदाराचे नुकसान खरे होते. त्याचे पंचनामे झाले, बातम्या आल्या. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याचा पंचनामा कशाचा करणार? त्याची मजुरी बुडाली, शेळ्या निम्म्या भावात गेल्या आणि घराला कुलूप लावून तो ऊसतोडीला गेला. त्याच्याबरोबर त्याच्या लेकरांची शाळाही गेली. म्हणून माती आणि पाणी हा सर्वांत आधी भूमिहीनाचा विषय आहे.

आणि पाणी आपल्याला नवीन कुठे आहे? १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याचा प्रश्न माणुसकीच्या हक्काचा म्हणून मांडला. तेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांच्या विकासाची आखणी त्यांच्या खात्याकडे होती. पूरनियंत्रण, सिंचन, वीज यांचा संपूर्ण खोरे धरून एकत्र विचार करायचा, ही दृष्टी त्या कामात होती. नियोजन हे आपल्या परंपरेतले हत्यार आहे. ते दुसऱ्याच्या हाती देऊन बाजूला बसण्यात शहाणपण नाही.

आता दुसरी बाजू. पाणलोटाच्या कामाला मी विरोध करत नाही. आमच्याच जिल्ह्यातले कडवंची गाव पाहा. १९९६ ते २००२ या काळात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून तिथे काम झाले. मराठवाडा शेती सहाय्य मंडळ, खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र आणि विजयअण्णा बोराडे यांचे त्यामागे कष्ट होते. पुढे गावाने शेततळी केली, द्राक्षबागा उभ्या केल्या. माती आणि पाणी सावरले की गाव सावरते, हे कडवंचीने दाखवले. प्रश्न त्यापुढचा आहे. सावरलेल्या पाण्यात कोणाचा किती वाटा?

पाणलोटाचे शास्त्र सांगते, काम माथ्यापासून पायथ्याकडे करा. माथ्यावर समतल चर, गवत आणि झाडे. खाली बांधबंदिस्ती, नालाबांध, पाझर तलाव. शास्त्र बरोबर आहे. पण गावाचा जातीचा नकाशा या नकाशावर ठेवून बघा. माथ्यावर मुरमाड गायरान, तिथे भूमिहीनांच्या शेळ्या आणि काही घरांनी पोटासाठी कसलेले तुकडे. पायथ्याला काळी भारी जमीन, विहिरी आणि बागा. माथ्यावर चर खोदले की पाणी झिरपते आणि खालच्या विहिरीत निघते. त्याग वरच्याचा, पाणी खालच्याचे. आणि वरची माणसे जातीच्या उतरंडीत मात्र खाली! एम.ए.ला प्रबळ जात ही संकल्पना एम. एन. श्रीनिवास यांच्याकडून शिकले. शिवार फेरीत ती विहिरींच्या जागांवरून ओळखू येते.

चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान हे शब्द ऐकायला पवित्र वाटतात. चराईबंदी कोणावर पडते? ज्याच्या बांधावर चारा आहे त्याच्यावर नाही. कुऱ्हाडबंदी कोणावर? गॅस सिलिंडर पुन्हा भरायला ज्या बाईकडे पैसे नाहीत तिच्यावर. आणि श्रमदान! ज्यांच्या आज्यापणज्यांनी गावाची वेठबिगार केली, त्यांनी आता दुसऱ्याच्या विहिरीसाठी फुकट टिकाव मारायचा आणि त्याला दान म्हणायचे? ज्याची विहीर भरणार त्याने खुशाल श्रमदान करावे. भूमिहीनाला रोजगार हमीची पूर्ण मजुरी मिळालीच पाहिजे. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला तो यासाठीच.

"मागेल त्याला शेततळे" ही योजना २०१६ साली आली. नाव किती उदार! पण मागण्यासाठी तेव्हा किमान ६० आर जमीन नावावर असावी लागे. म्हणजे भूमिहीनाने मागायचेच नाही. जागतिक बँकेच्या मदतीचा पोकरा प्रकल्प २०१८ पासून जालन्यासह १५ जिल्ह्यांत राबवला गेला. त्यात भूमिहीनांसाठी शेळीपालन होते, ही चांगली गोष्ट. पण एका योजनेतून शेळी द्यायची आणि दुसऱ्या ठरावाने चराई बंद करायची, तर ती शेळी जगणार कशी?

एका गावात आम्ही नकाशा काढत होतो. सगळा माथा "पडीक" म्हणून रंगवला गेला. बैठक मंदिराच्या सभामंडपात होती, त्यामुळे आमच्या वस्तीतल्या बाया आल्याच नव्हत्या. मी आग्रह धरला आणि दुसरी बैठक शाळेच्या पटांगणात झाली. त्यात एक म्हातारी उठून म्हणाली, "बाई, शेळी काय दावणीला बांधून भिंत चारू तिला?" हसणारे हसले. पण त्या एका वाक्याने आराखडा बदलावा लागला. माथ्याचे तीन भाग केले. एका वेळी एकच भाग बंद, दोन चराईला मोकळे. बंद भागातले मारवेल, पवना हे गवत विळ्याने कापून नेण्याचा हक्क भूमिहीन घरांना. कसलेले तुकडे नकाशावर कसणाऱ्यांच्या नावांसह नोंदले. याने निसर्गाचे नुकसान झाले का? उलट राखण करणारी माणसे मिळाली. ज्याला गवत मिळणार, तो चर बुजू देत नाही.

पट्ट्यांचा प्रश्न मात्र तसाच लोंबकळत आहे, आणि खरी मेख तिथेच आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांसाठी सत्याग्रह झाले, माणसे तुरुंगात गेली. १९९१ च्या शासन निर्णयाने भूमिहीन मागासवर्गीयांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील शेती नियमित करायचे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालात सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढायला सांगितले, पण सरकारी आदेशाने भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवादही केला. गावात निकाल अर्धाच वाचला जातो. त्यातून उद्या "वृक्षलागवड" या गोंडस शब्दाखाली आमचीच माणसे उठवली जाणार असतील, तर ते पर्यावरण नव्हे, ती जुनी गावकीच.

दुसरा रस्ता नाही असे कोणी म्हणू नये. १९७२ नंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या मापाने न वाटता माणसांच्या संख्येने वाटले. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस घ्यायचा नाही आणि भूमिहीनालाही वाटा. महाराष्ट्राच्याच मातीत हे घडले आहे.

म्हणून गावागावांतल्या आपल्या कार्यकर्त्यांना सांगणे आहे, पाणलोटाच्या ग्रामसभेला जा. हजेरीपटावर सही करून परतू नका, नकाशा मागा. गायरान कसणाऱ्यांची नावे त्यावर आहेत का, चराईची जागा दाखवली आहे का, मजुरी किती दिवसांची, पाझर तलावातली मासेमारी कोणाला, हे विचारा आणि उत्तर ठरावात लिहून घ्या. डोंगर हिरवा झालाच पाहिजे. त्यावर पहिला हक्क त्याच्या अंगाखांद्यावर राबणाऱ्याचा असला पाहिजे.

जय भीम.